रविवारचे दोन तास आणि पाच दिवसांचे डबे: माझी अर्धवट तयारीची पद्धत

आमच्याकडे शाळेची व्हॅन ६:५५ ला येते आणि व्हॅनवाले काका दोनदा हॉर्न वाजवतात, तिसऱ्यांदा नाही. मोठी सहावीत आहे, तिचा डबा त्या दोन हॉर्नच्या आत भरलेला पाहिजे. धाकटा सिनियर केजीत, त्याची शाळा नऊला, कारण २०२४ मध्ये सरकारनं सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका. लहानांची झोप होते म्हणून चांगलंच आहे ते, पण माझ्या ओट्यावर त्यामुळे दोन शिफ्ट झाल्या. त्यात माझी ठाण्याला जाणारी पावणेआठची लोकल. डोंबिवलीकरांना पुढचं सांगायला नको.

मागच्या वर्षी मी ते व्हिडिओत दाखवतात तसं करून बघितलं, रविवारी बसून तीन भाज्या पूर्ण शिजवल्या, एकसारख्या डब्यांत भरल्या, फोटो पण काढला. मंगळवारपर्यंत ठीक चाललं, बुधवारी फ्लॉवरची भाजी मोठीनं जशीच्या तशी परत आणली, म्हणाली "आई याला फ्रीजचा वास येतो". खरंच येत होता. आपल्याकडची भाजी म्हणजे फोडणीचा वास, तोच गेला की मग उरतं काय. तेव्हापासून पूर्ण स्वयंपाक करायचाच नाही असं ठरवलं, फक्त अर्ध्यापर्यंत आणून सोडायचं. सोललेलं, भाजलेलं, भिजवलेलं, उकडलेलं सगळं तयार, फोडणी मात्र रोज ताजी. सकाळी भाजीला १० ते १२ मिनिटं लागतात. आता वर्ष होत आलं, म्हणून नीट लिहून काढतेय, मधून मधून विषय भरकटेल, चालवून घ्या.

शुक्रवारी रात्री: फ्रीज उघडून बसायचं

यादी करायच्या आधी फ्रीज. मी अक्षरशः स्टूल घेऊन बसते, काय उरलंय ते बघते आणि तिथूनच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकते, म्हणजे शनिवारी मंडईत नवरा गेला तरी "किती आणू" असा फोन येत नाही. यादीत वजन लिहायचंच. मी एकदा नुसतं "मिरच्या" लिहिलं होतं, अर्धा किलो आल्या.

मग पाच दिवस कागदावर मांडायचे, आणि ते आवडीप्रमाणे नाही तर भाजी किती टिकते त्या क्रमानं. पालेभाजी सोमवारी नाहीतर मंगळवारी, भेंडी-गवार मधे, आणि कोबी, दुधी, लाल भोपळा हे शेवटी, कारण ते कुठे पळून जात नाहीत. एवढ्या एका क्रमामुळे आमच्याकडे गुरुवारी काळी पडलेली मेथी फेकणं बंद झालं. आमचा साधारण आठवडा असा: सोमवारी बटाट्याची पिवळी भाजी किंवा पराठे (मेथी आम्हा दोघांच्या डब्याला, पोरं तोंड वाकडं करतात), मंगळवारी मटकीची सुकी उसळ, बुधवारी आप्पे, गुरुवारी कोबी, शुक्रवारी थालीपीठ. शुक्रवारची भाजणी साताऱ्याहून आईकडून येते, त्यात माझं कर्तृत्व शून्य.

शनिवार: भिजत घालायचा वार

शनिवारी फक्त दोन कामं, पण ती चुकली तर रविवारी काही करता येत नाही. मी फोनला अलार्म लावलाय, "मटकी" या नावानं.

मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. उन्हाळ्यात रविवारी सकाळीच मोड दिसतात, डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळ उजाडते, तेव्हा ती पुरचुंडी कोमट कुकरमध्ये ठेवून झाकण लावते मी. मोड आले की फ्रीजमध्ये, डब्याचं झाकण जरा सैल, तीन दिवस सहज राहतात. पोरांसाठी मोड कच्चे देत नाही मी, व्यवस्थित शिजवूनच, कच्च्या मोडांनी पोट बिघडू शकतं, पावसाळ्यात तर विचारूच नका.

दुसरं काम इडली-डोशाचं पीठ. तीन वाट्या इडली तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथीदाणे, आणि वाटायच्या आधी मूठभर पोहे भिजवून. दुपारी भिजत, रात्री वाटायचं, हातानं खूप फेटायचं, आणि पातेलं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. हे अर्ध्याचं मी फार ठासून सांगतेय कारण गेल्या मे महिन्यात मी भरलं होतं, सकाळी उठले तर पीठ ओट्यावरून खाली गॅसच्या बर्नरपर्यंत गेलेलं आणि रविवारची सकाळ बर्नरची भोकं टाचणीनं साफ करण्यात गेली. थंडीत उलटा त्रास, चौदा-पंधरा तास झाले तरी पीठ ढिम्म हलत नाही. मी पातेलं बंद ओव्हनमध्ये ठेवून आतला नुसता दिवा लावते, तेवढी ऊब पुरते.

याच पिठाच्या रविवारी नाश्त्याला इडल्या होतात आणि उरलेलं लगेच फ्रीजमध्ये. मंगळवारपर्यंत डोसे चांगले होतात, बुधवारी पीठ आंबूस लागायला लागतं, मग त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर, किसलेलं गाजर घालून आप्पे. आंबटपणा कांद्यात लपतो. मोठीला अजून माहीत नाही की आप्पे म्हणजे शिळं पीठ, प्लीज कोणी सांगू नका.

रविवार: दोन तास, तीन बर्नर

मी साडेदहाला सुरू करते, नाश्ता झाल्यावर, आणि साडेबाराला थांबते. उरलं तर उरलं. हे थांबणं महत्त्वाचं आहे, नाहीतर अख्खा रविवार ओट्याशी जातो आणि सोमवारी आपण आधीच वैतागलेल्या असतो.

पहिल्यांदा कुकर. खालच्या भांड्यात बटाटे, वरच्यात हिंग-हळद घालून तुरीची डाळ, चार शिट्ट्या. बटाटे सालासकटच फ्रीजमध्ये ठेवायचे, सोललेले चिकट होतात. डाळ नुसती घोटून ठेवायची, फोडणी नाही, ती सोमवार-मंगळवार रात्रीच्या आमटीला पुरते. त्याच्या पुढे मी ठेवत नाही.

कुकर होईपर्यंत दुसऱ्या बर्नरवर लोखंडी कढईत शेंगदाणे, मंद आचेवर, हलवत राहायचं. अर्धा किलोचं कूट आम्हाला दोन आठवडे जातं. भाजून झाले की ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचे, सालं चोळायला धाकट्याला बसवते, त्याला तो खेळ वाटतो आणि सालं घरभर होतात पण वीस मिनिटं शांतता मिळते. गरम दाणे मिक्सरला लावले तर तेल सुटून लगदा होतो. गार झाल्यावर पण मिक्सर सलग नाही चालवायचा, थांबून थांबून फिरवायचा, कूट जाडसरच हवं.

त्याच कढईत मग वाटण. हे आमच्या घरातलं सगळ्यात कामाचं प्रकरण. चार मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलावर तांबूस होईपर्यंत, घाई करायची नाही, कांदा कच्चा राहिला तर वाटण दोन दिवसांत वास मारतं. ते काढून वाटीभर किसलेलं सुकं खोबरं, हे मात्र डोळ्यात तेल घालून भाजायचं, बदामी झालं की लगेच उतरवायचं. मग दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दोन चमचे धणे. गार करून शक्य तितक्या कमी पाण्यात वाटायचं. चार दिवसांचं फ्रीजमध्ये काचेच्या बरणीत, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये. गोठलं की क्यूब काढून पिशवीत भरून ठेवायचे. उसळीला तीन क्यूब, अंडाकरीला पाच, असा आमच्याकडे आता क्यूबचा हिशोब चालतो आणि नवऱ्याला पण तो कळतो, "दोन डाव वाटण" हे त्याला कधीच कळलं नव्हतं. ओल्या नारळाचं वाटण मात्र फ्रीजमध्ये दोन दिवसांवर ठेवू नका, ते सरळ फ्रीझरमध्येच.

आलं-लसूण पेस्ट मी पाणी न घालता करते, थोडं मीठ आणि तेल घालून. कधी कधी ती हिरवी-निळसर होते, पहिल्यांदा मी घाबरून फेकून दिली होती, पण ते लसणातल्या घटकांमुळे होतं, खराब झालेली नसते. वास आणि चव बघायची. फक्त ही बरणी ओट्यावर बाहेर ठेवायची नाही, तेलातला कच्चा लसूण बाहेर राहणं धोक्याचं आहे, कायम फ्रीजमध्येच आणि आठवड्यात संपवायची.

आता चिरण्याचं. सगळं चिरून ठेवायच्या मागे लागू नका. फरसबी, गवार, गाजर, कोबी हे चिरून डब्यात तळाला कोरडं फडकं घालून ठेवलं तर तीन दिवस छान राहतं. बटाटा, वांगं काळं पडतं, ते सकाळीच. भेंडी चिरून ठेवली तर बुळबुळीत होते, ती फक्त धुवून, पुसून, पंख्याखाली कोरडी करून ठेवायची, चिरायला सकाळी चार मिनिटं लागतात. कांदा मी एक दिवसापुरता चिरते, त्याच्या वासानं फ्रीजमधलं दूध पण कांद्याचं लागतं.

कोथिंबीर आणि मेथी न धुता निवडायची आणि सुती कापडात गुंडाळून ठेवायची. पूर्वी आमच्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळायची पद्धत होती, आई अजून करते, पण शाई अन्नाला लागते आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये पुन्हा बजावलंय की खाण्याच्या वस्तूंना वर्तमानपत्र वापरू नका. मी जुन्या मलमलच्या ओढणीचे चौकोनी तुकडे केलेत, धुतले की परत तयार. कोथिंबीर आठवडाभर टिकते, आणि हा शोध फुकटचा आहे म्हणून मला त्याचं जास्त कौतुक.

निवडण्याची कामं मी एकटी करत नाही. गवार आणि मेथी मोठं ताट घेऊन टीव्हीसमोर, सासूबाई असल्या तर त्यांच्याकडे पालेभाजी, त्यांच्याइतकी स्वच्छ मेथी मला या जन्मात निवडता येणार नाही. थंडीत मटार स्वस्त झाले की पाच किलो आणतो, सगळे मिळून सोलतो. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, कापडावर कोरडे करून पिशव्या भरून फ्रीझरमध्ये. एका पिशवीत एका वेळचेच भरायचे, नाहीतर तो दगड फोडत बसावं लागतं.

आदल्या रात्रीची पंधरा मिनिटं

रविवारचं सगळं केलं आणि ही पंधरा मिनिटं सोडली तर सकाळ तशीच जाते, हे मी अनेकदा अनुभवलंय.

जेवणं झाली की कणीक भिजवून वरून तेलाचा हात लावून घट्ट डब्यात, फ्रीजमध्ये. सकाळी उठल्या उठल्या पहिली ती बाहेर काढायची, चहा पिईपर्यंत नरम होते. जरा काळपट दिसते, पोळी चांगली होते. एका रात्रीपुरतीच ठेवायची, दोन दिवसांची कणीक आंबट होते आणि मुलांना बरोबर कळतं.

रात्री भात उरला आणि सकाळी फोडणीचा भात करायचा असेल तर तो जेवण झाल्यावर लगेच पसरट डब्यात गार करून फ्रीजमध्ये. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात डब्यात द्यायचा नाही, त्यात होणारे जंतू असे असतात की परत गरम केल्यावर पण त्यांचं विष जात नाही. लहानपणी आपण सर्रास खाल्लाय हे खरं, तरी पण.

मग दप्तरं. दाराजवळ मी एक वेताची टोपली ठेवलीय, त्यात पास, किल्ल्या, ओळखपत्रं, छत्री, दुसऱ्या दिवशी जे जे घराबाहेर जाणार आहे ते सगळं. पाण्याच्या बाटल्या धुवून उलट्या. डायरी रात्रीच बघायची, सही रात्रीच करायची. बुधवारी पीटीचे पांढरे बूट, हे फ्रीजवरच्या बोर्डवर कायमचं लिहिलंय, तरी एका बुधवारी मोठी काळ्या बुटांत गेलीच.

आणि ती पेटी. रात्री साडेनऊला "आई उद्या चार्ट पेपर न्यायचाय" हे ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी. आमच्या शाळेत प्रोजेक्टची सूचना ग्रुपवर रात्री येते, त्यावर भांडून झालं, उपयोग नाही, म्हणून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात मी घोटीव कागद, कार्डशीट, फेविकॉल, स्केचपेन, सेलोटेप, दोघांचे पासपोर्ट साइज फोटो, आधारच्या दोन झेरॉक्स असं सगळं भरून ठेवलंय. दोन पांढरे चार्ट पेपर कपाटामागे उभे. हा डबा मुलांना आपापला उघडायची परवानगी नाही, नाहीतर आठवड्यात रिकामा.

सकाळ, मिनिटांप्रमाणे

५:३५ ला उठते. कणीक बाहेर, एका बर्नरवर चहा, दुसऱ्यावर लगेच कढई. भाजीची फोडणी पावणेसहाला पडली पाहिजे. भाजी झाकणाखाली शिजते तोपर्यंत पोळ्या सुरू. बारा पोळ्यांना मला पंचवीस मिनिटं लागतात, घडीच्याच करते, फुलके डब्यात दुपारपर्यंत वातड होतात. मोठीला ६:१० ला उठवायचं काम नवऱ्याचं, ते मी लेखी दिलंय.

सगळ्यात जास्त चूक होते ती डबा भरताना, गरम गरम भरून लगेच झाकण लावलं की आत वाफ धरते, पोळीला पाणी सुटतं आणि मूल म्हणतं डबा आवडत नाही. ६:३० ला भाजी ताटात पसरून पंख्याखाली, पोळ्या जाळीवर, आणि ६:४५ ला भरायचं. पोळीखाली सुती रुमालाचा तुकडा. आप्पे, थालीपीठ पण तसंच, पूर्ण गार करून.

छोट्या सुट्टीच्या डब्यात फळ. सफरचंद फोडी करून मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून, पुसून, परत जुळवून रबरबँड लावायचा, काळं पडत नाही. हे मला ट्रेनमधल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, असल्या गोष्टींसाठी लेडीज डब्यासारखी युनिव्हर्सिटी नाही.

धाकट्याचा डबा दुसऱ्या शिफ्टला, पण तो भरायला मी घरी नसते, म्हणून त्याचं ताट वाढून जाळीखाली ठेवते आणि नवरा ८:१५ ला भरतो. भरताना वाफ गेलेली असते, त्यामुळे खरं तर त्याचाच डबा जास्त चांगला जातो.

घेतलेल्या वस्तू, खऱ्या आणि फसव्या

आप्पेपात्र पहिल्या नंबरावर. बिडाचं घ्या, जड असतं पण सीझन झालं की चिकटत नाही, आणि कमी तेलात होतात. दुसऱ्या नंबरावर कुकरची एकावर एक बसणारी भांडी. तिसरं म्हणजे स्टीलच्या छोट्या क्लिपच्या डब्या, चटणी-दह्यासाठी. लहान मुलासाठी कुठलाही डबा घेताना दुकानातच त्याला उघडायला लावा. आम्ही एक फार सुंदर डबा आणला होता, धाकट्याला तो उघडेना, तीन दिवस उपाशी आला आणि बाईंना सांगायला लाजला. आता नवीन डबा आधी घरी चार दिवस वापरतो, जेवायला बसला की त्यातूनच.

झाकणाला रबराची रिंग असलेल्या डब्यांचं एक सांगते. ती रिंग निघते. मला सहा महिने माहीत नव्हतं, वास कशाचा येतोय कळेना, शेवटी सुरीच्या टोकानं काढली तर खाली काळी बुरशी. दर रविवारी रिंगा काढून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा, वाळवून परत. बाटल्यांच्या सिपरची पण तीच कथा.

दोरी ओढायचा चॉपर कांद्याला ठीक, बाकी भाज्यांचं पाणी करतो. भाजीच्या शेवया पाडायचं यंत्र माळ्यावर आहे, कोणाला हवं असेल तर घेऊन जा. पोळ्या लाटायचं मशीन मी घेतलं नाही, शेजारणीनं घेतलं, ती अजून लाटण्यानंच करते.

ज्या रविवारी जमत नाही

लग्न असतं, ताप असतो, नाहीतर नुसता कंटाळा असतो. मग तीनच गोष्टी करायच्या: कुकरला बटाटे, दाण्याचं कूट, आणि डेअरीतून आणलेलं तयार डोशाचं पीठ. बटाटे आणि कूट असलं की भाजी, पराठे, साबुदाण्याची खिचडी यांतलं काहीतरी होतंच, साबुदाणा तेवढा रात्री भिजवायचा, पाणी दाण्यांच्या जेमतेम वर येईल एवढंच. वाटणाचे क्यूब फ्रीझरमध्ये असतातच.

आणि मीच आजारी पडले तर त्यासाठी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. कुठल्या बरणीत काय, कुकरच्या किती शिट्ट्या, व्हॅनवाल्या काकांचा नंबर, धाकट्याला भाजीत मिरची दिसली तर खात नाही. मार्चमध्ये मला चार दिवस ताप होता तेव्हा नवऱ्यानं त्या कागदावर सगळं चालवलं. पाचव्या दिवशी उठून बघते तर खाली त्याच्या अक्षरात पेन्सिलनं एक ओळ वाढलेली, "मीठ आणि साखरेच्या बरण्या सारख्याच दिसतात, आधी चाखणे". म्हणजे एका दिवशीची उसळ कशी झाली असेल ते मी विचारलं नाही, फक्त बरण्यांवर लेबलं लावली.